तुलना गटातील गोठ्याच्या पत्र्याला पडलेल्या फटीबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
गोठ्यांतील वायू-उत्सर्जन घट प्रकल्प,
पशुसंवर्धन कार्यालय.

विषय : अर्जदाराच्या गायी तुलना गटातून काढून भुकटी गटात घेण्याबाबत.
संदर्भ : गोठ्यातील पत्र्याची फट तातडीने बुजवण्याविषयी आपली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार ही या घरातली धाकटी सून. गोठा एकच, त्यातल्या अर्ध्या गायी मोठ्या जावेकडे, अर्ध्या अर्जदाराकडे. आपले साहेब येऊन सांगून गेले की रवंथ करताना गाय जो ढेकर देते, त्यातून मिथेन वायू निघतो आणि त्याने हवा तापते. तेव्हा सासरे गायीच्या मागे उभे राहून मान डोलवत होते. साहेबांनी त्यांना हाताला धरून पुढे आणलं. मग असं ठरलं की वायू कमी करणारी भुकटी जावेच्या गायींच्या खाद्यात घालायची आणि अर्जदाराच्या गायींना नेहमीचंच घालायचं, म्हणजे फरक कळेल. जावेच्या गायी 'भुकटी गट' झाल्या, अर्जदाराच्या 'तुलना गट'. खाद्य इकडचं तिकडे होऊ नये म्हणून मध्ये छपरापर्यंत पत्रा उभा राहिला.

२. तुलना करायला या घराला कार्यालयाची गरज नव्हती. अर्जदार उंबरठा ओलांडून आली त्या दिवसापासून ते काम बिनपगारी चालू आहे. मोठीचा चहा, मोठीच्या कपड्यांच्या घड्या, मोठीचं हळू बोलणं. पण ते घरातलं घरात होतं. आता त्यावर आपला शिक्का बसला आहे.

३. जावेकडे पाहुणे येतात. भुकटीवाली सावळी ढेकर मोजायच्या यंत्रात तोंड घालते, की टाळ्या पडतात. अर्जदाराची भुरी ही सावळीची सख्खी बहीण, एका आईच्या पोटची. तीही त्याच यंत्रात तोंड घालते. तेव्हा साहेब म्हणतात, "छान, काहीच बदल नाही," आणि चालू लागतात. सासूबाई म्हणतात, "मोठीच्या गायी बघ कशा वळणावर आल्या. तुझ्या अजून ढेकरच देताहेत." सासरे जेवून उठताना दणदणीत ढेकर देतात आणि म्हणतात, "मी बाबा धाकटीच्या गटातला!" सगळं घर हसतं. जाऊही हसते. पदर तोंडाला लावून हसते, पण हसते.

४. अर्जदाराने आपल्या बुद्धीने चारा बारीक कापून घालायला घेतला, तर साहेबांनी बजावलं, "तुमच्या बाजूला कसलीही सुधारणा करू नका." महोदय, ढेकर वाईटच असेल, तर तो आमच्याच गायींनी जपून का ठेवावा? एकीचा नवरा सुधारला हे दिसावं म्हणून दुसरीच्या नवऱ्याने आहे तसंच राहायचं, असा हा न्याय झाला. भुरी हल्ली ढेकर देऊन इकडेतिकडे बघते. ती ओशाळते, असं अर्जदाराचं मत आहे. त्याला पुरावा नाही.

५. पूर्वी आम्ही दोघी पाठीला पाठ लावून धार काढायला बसत असू. अर्जदाराने एक ओळ म्हणायची, जावेने जोड द्यायची :

पहिली धार ग वाजते, रित्या बादलीच्या तळाशी
जाऊ बोलेना तोंडाने, तिचा सूर माझ्या गळ्याशी

पत्रा उभा राहिल्यापासून अर्जदार रोज पहिली ओळ म्हणते. पलीकडून उत्तर येत नाही. पाहुण्यांशी मात्र जाऊ गोड बोलते, ते ऐकू येतं. सावळीला "माझी बाय" म्हणते, तेही ऐकू येतं. मोठीला आता मोठ्यांची संगत लागली, असं अर्जदार धरून चालली होती. अर्जदार सावळीवरही जळली, हे येथे नमूद करते. दावणीच्या गाईवर जळणं बरं नव्हे, पण जळली.

६. आपल्या नोटिशीत फटीचा दोष भुरीवर ठेवला आहे. तिने अंग घासलं असेल, असं अर्जदारालाही वाटलं. म्हणून काल फट ठोकून बसवायला अर्जदार हातोडी घेऊन तिथे टेकली आणि सवयीने पहिली ओळ म्हणून गेली. फटीतून दुसरी ओळ आली. पाठोपाठ, "अगं, किती दिवस झाले गप्प आहेस! इकडे यंत्राच्या पंख्याच्या आवाजात काही ऐकूच येत नाही बघ."

त्यानंतर अर्जदाराने पत्रा नीट पाहिला. फटीच्या कडा अर्जदाराच्या बाजूला वळलेल्या आहेत, म्हणजे पत्रा पलीकडून उचकटला आहे. सावळीला शिंगं नाहीत. फट आहे ती धारेला बसलेल्या बाईच्या कानाजवळ. यापुढे चौकशी करू नये, ही विनंती. भुरीवरील ठपका मात्र पुसावा.

७. सबब, विषयात लिहिलेली मागणी अर्जदार मागे घेत आहे. दुसरा कागद हाताशी नसल्याने वर खोडाखोड केलेली नाही. भुरी खुशाल तुलना गटात राहील आणि हवेच्या भल्यासाठी मोकळेपणी ढेकर देईल. फक्त फट राहू द्यावी. तिच्यातून गाईचं तोंड जात नाही, चाऱ्याची पेंढी जात नाही. जाते ती ओळ, आणि ओळीला भुकटी लावलेली नसते. खात्री हवी असल्यास साहेबांनी धारेच्या वेळी येऊन बसावं. टाळ्या वाजवू नयेत.

तुलनेतली, तरी आपली नम्र,

(सही)
धाकटी सून, गोठ्याची अलीकडची बाजू
दि. १७ फेब्रुवारी

वरील मजकूर मान्य :
(सही)
मोठी सून, पलीकडची बाजू

सोबत : फटीच्या कडेचा वाकलेला तुकडा, एक.

टीप : मोठीची सही कागद फटीतून सरकवून घेतली आहे. ती अर्जदाराच्या सहीपेक्षा सुबक आहे. कार्यालयाने तुलना करू नये.