ब्रेकला बांधलेला कठडा

बाबा, हे लिहिण्यामागे माझा एकच हेतू आहे आणि तो आरंभीच सांगते. सपाट ट्रेलरच्या कडांना आपोआप उभा राहणारा जो लोखंडी कठडा तुमच्या वर्कशॉपमध्ये तयार झाला, तो गाडीच्या हँडब्रेकला बांधायचा ही कल्पना माझी होती. तुमच्या जावयांची नव्हती. तुम्ही ती त्यांची मानलीत, त्यांची पाठ थोपटलीत, आणि त्या दिवसापासून मी माझ्याच नवऱ्याचा हेवा करीत आले. हेवा हा पुरावा नव्हे, हे मला कळते. आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. वाटणे आणि सिद्ध होणे यांची सरमिसळ करणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण मी विनासंकोच कापले आहेत. म्हणून आधी घटना मांडते, अनुमान नंतर.

आत्ताच हे लिहायला बसण्याचे कारण गेल्या आठवड्यातले आहे. चंद्रपूरहून निघालो होतो आणि मूल गावाच्या अलीकडे एका ढाब्यावर चहासाठी थांबलो. समोर एक रिकामा ट्रेलर येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने ब्रेक ओढला, हवा सुटल्याचा आवाज झाला आणि दोन्ही कडांचे कठडे सावकाश उठून ताठ उभे राहिले. ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्या शेजारी बसलेले तुमचे जावई बशीतला चहा फुंकत म्हणाले, "बाबांची रेलिंग." बस, एवढेच. माझी म्हणाले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. पण 'बाबांची' हा शब्द ते ज्या सहजतेने उच्चारतात, त्या सहजतेचा मला आजही, या वयात, मत्सर वाटतो. तुमची मुलगी मी. तुमच्या कामाविषयी बोलताना मात्र जिभेवर तो शब्द घेण्याआधी मला परवानगी मागावीशी वाटते, आणि त्यांना वाटत नाही.

नव्वदचे दशक संपत आले होते. वडशाच्या एका राइस मिलचा, बाजूंच्या फळ्या म्हणजे फालके नसलेला सपाट ट्रेलर तुमच्याकडे दुरुस्तीला आला होता, कारण त्यावरून एक हमाल पडला होता. पाठीवर पोते घेतलेल्या माणसाला पायाखालची कड दिसत नाही. तो मागे सरतो आणि एका पावलाच्या चुकीने जमिनीवर येतो. तुम्ही आधी कडेला पाइप वेल्ड करून पक्का कठडा बसवलात. तो हमालांनीच नाकारला, कारण माल बाजूने चढवायचा तर फळी टेकवायला जागा हवी. मग बिजागरीचा, हाताने उचलायचा कठडा केलात. तो कोणी उचलेना. ड्रायव्हर तुमच्या तोंडावर विचारत, "भाऊ, हा ट्रेलर हाये का शाळेची गॅलरी?" आणि तुम्हीही हसत असा; पण घरी आलात की जेवताना घास हातातच राहत असे. त्यावर ब्रेकसाठी गाडीत हवेची टाकी असतेच, तीच हवा वापरून कठडा उचलता येईल, असे सुचवले ते तुमच्या जावयांनी. हे श्रेय निर्विवादपणे त्यांचे आहे आणि मी त्यावर हक्क सांगत नाही. वाद फक्त पुढच्या पायरीचा आहे.

ते तेव्हा आयटीआयमध्ये फिटर शिकवीत आणि सुटीचा प्रत्येक दिवस तुमच्याकडे घालवीत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तुम्ही त्यांना तुमचा जुना गुण्या दिलात, ज्याने तुम्ही आयुष्यभर काटकोन तपासले तो. मला नोकरी लागली तेव्हा पेन दिले होते. पेन उत्तम होते. परंतु ते तुम्ही दुकानातून आणले होते आणि गुण्या तुमच्या हातातून काढून दिला होता, हा भेद मला त्याच दिवशी कळला. वर्कशॉपच्या फाटकाच्या आत मुलींनी यायचे नाही, कारण ठिणग्या उडतात, हा तुमचा नियम. ठिणगी बाई आणि बुवा पाहून उडत नाही, हे मी शाळेत असतानाच तुम्हाला सांगितले होते. तुम्ही म्हणालात, "वादात तू जिंकली. आता घरी जाय." लहानपणी मला ही गंमत वाटली. तुमचे जावई मात्र फाटकातून आत जाताना चपलाही न काढता सरळ तुमच्या ट्रेलरखाली शिरत, तेव्हा मला तो नियम पुन्हा आठवू लागला.

आता मुख्य घटना. दुपार आहे, आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही दोघे पाटावर बसला आहात, मी लाखोळीच्या डाळीचे वडे तळून वाढते आहे. केबिनमध्ये बटण बसवायचे, ते दाबले की हवा जाईल आणि कठडा उठेल, अशी तुमची चर्चा चालली आहे. मी झारा कढईवर निथळवत म्हणते, "पण बाबा, जो मानूस कड पाहाचं विसरते, तोच बटन दाबाचं बी विसरन ना? ब्रेक ओढल्याशिवाय तं कोनी खाली उतरत नाई. मंग ब्रेकलेच बांधा ते." तुमचे जावई हातातला वडा तसाच ठेवून माझ्याकडे पाहतात. मग तुम्ही ताट पुढे सरकवता आणि म्हणता, "बाई, एक वडा टाक." माझे विधान वड्याबरोबर संपले.

त्यानंतर काही दिवसांनी मी डबा घेऊन वर्कशॉपच्या फाटकाशी उभी होते. आत ट्रेलरखाली चार पाय दिसत होते, दोन तुमचे, दोन त्यांचे. त्यांचा आवाज आला, की आपण बटण काढून टाकू आणि हवेची नळी ब्रेकच्या दांड्याशीच जोडू. म्हणजे विसरायला काही उरणारच नाही. मग तुम्ही सरपटत बाहेर आलात, त्यांनाही हात देऊन ओढलेत, त्यांच्या पाठीवर काळा पंजा उमटेल इतक्या जोराने थाप मारलीत आणि म्हणालात, "जवाई, डोकं चालते तुमचं." कामगार हसले. तो शर्ट मी तीनदा धुतला. डाग गेला नाही, आणि तुमचे जावई तो शर्ट वर्कशॉपला जाताना मुद्दाम घालीत.

एक आक्षेप मी स्वतःच घेते. ही कल्पना त्यांना स्वतंत्रपणे सुचली असू शकत नाही काय? शकते. हुशार माणूस आहे. परंतु जे वाक्य एका घरात, एका जेवणात, त्यांच्या समोर बोलले गेले, तेच काही दिवसांनी त्यांच्या तोंडून निघावे, याला योगायोग म्हणणे सोयीचे आहे, संभाव्य नाही. चोरी मात्र मी म्हणणार नाही. गोंडपिपरीकडच्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या त्या माणसाला घरात बोलले गेलेले सगळे सगळ्यांचेच वाटते. माझे भांडण त्यांच्याशी नाहीच. मी बोलले तेव्हा तुम्हाला ऐकू आले नाही आणि ते बोलले तेव्हा आले, भांडण याचे आहे.

कठडा चालला. वडशाहून, राजुऱ्याहून गाड्या येऊ लागल्या. आणि मग तो दिवस आला. मिलच्या दाराशी पोती भरणे चालू होते. आपल्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे: गाडी थोडी पुढे घ्यायची असली, तर वरची माणसे खाली उतरत नाहीत, कोणी तरी ओरडतो, घे पुढं, आणि गाडी हात-दोन हात सरकते. ड्रायव्हरने सरकण्यासाठी ब्रेक सोडला. ब्रेक सुटताच नळीतली हवा निघून गेली आणि कठडा, त्याला सांगितल्याप्रमाणे, बाहेरच्या बाजूला लवंडला. एक हमाल त्याला पाठ टेकून घाम पुसत उभा होता. कठडा नसता, तर तो कडेला टेकलाच नसता. त्याचा खांदा मोडला. पुढे हाड सांधले, पण पोते पुन्हा त्या खांद्यावर चढले नाही. तुम्ही त्याला वर्कशॉपवर राखणदार म्हणून ठेवून घेतलेत.

तुम्ही दोघे जीपने वडशाला जाऊन संध्याकाळी परतलात. मी चुलीपाशी होते. अंगणात तुम्ही त्यांना उभे केलेत. जावयाला तुम्ही कधी एकेरी हाक मारली नव्हती, त्या दिवशी शेजारीही बाहेर येतील अशा आवाजात म्हणालात, "मानूस वर हाये अन् तू खालून आधार काढून घेतं? तुले अक्कल नाई का? कठडा वर कसा जाईन याचा इचार केला, खाली कसा येईन याचा कोन करन?" ते मान खाली घालून उभे. एकदाच त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिले आणि नजर काढून घेतली. मी बाहेर आले नाही. लोकांना वाटेल की घाबरले. घाबरले नव्हते. तुमचे ते 'तू' ऐकत उभी होते. असे तुम्ही फक्त तुमच्या हाताखालच्या पक्क्या कारागिराशी बोलत होतात, ज्याच्याकडून तुमची अपेक्षा असे त्याच्याशी. माझ्याशी तुम्ही आयुष्यात कधी आवाज चढवला नाहीत. बाबा, नवऱ्याला शिव्या पडत असताना त्या शिव्यांचा हेवा करणारी बायको मी दुसरी पाहिलेली नाही.

त्यानंतर तुम्ही दोघे पुन्हा ट्रेलरखाली गेलात. कठडा वर जाईल हवेने. पण उभा राहिला की खिटीत अडकेल, आणि ती खिटी ड्रायव्हरने खाली उतरून, गाडीला फेरी मारून, वर कोणी नाही हे पाहून, हाताने काढल्याशिवाय खाली येणार नाही, ही तोड निघाली. ती जावयांची. ड्रायव्हर कुरकुरले, पण पुन्हा कोणी पडल्याचे आपल्या कानावर आले नाही.

माझी मांडणी इथे पूर्ण होणार होती. परंतु ढाब्यावरून घरी आल्यावर, साक्षीदार जिवंत असताना त्याला न विचारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, म्हणून मी त्यांना विचारले, की ब्रेकला बांधायचे प्रथम कोण म्हणाले होते, हे तुम्हाला आठवते का. ते पायमोजे काढीत होते. मान वर न करता म्हणाले, "तूच तं बोलली होती. वडे तळत होती तू."

मी विचारले, मग बाबांना कधी सांगितले का नाही.

"सांगतलं ना. वडशाले जाताना जीपमध्येच सांगतलं, का हे तिच्या डोक्यातून निंगालं होतं. मंग देसाईगंजचं रेल्वे फाटक लागलं तवा म्हणे, घरी हे काढू नोका."

"अन् तरी तुमालेच बोलले?"

"कोनाले तरी बोलाच लागत होतं ना. तुले कसे बोलतीन? तू प्रोफेसर." आणि हसले. त्यांच्या लेखी ही जुनी गंमत होती. मोजे घडी करून ते आंघोळीला गेले.

म्हणजे साध्य सिद्ध झाले, आणि तुमच्या जावयांच्याच साक्षीने झाले. कल्पना माझी होती, आणि तुम्हाला ते ठाऊकही होते. परंतु ते सिद्ध होताच अंगणातला तो प्रसंग उलटा फिरतो. त्या संध्याकाळी तुम्हाला ठाऊक होते की चूक कोणाची आहे. तरी तुम्ही दारापर्यंत आला नाहीत. मला वाचवलेत असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणत नाही. थाप त्यांना मिळाली तेव्हा तुम्ही अजाण होतात, ती मी माफ करू शकते. बोलणी मात्र तुम्ही जाणूनबुजून त्यांना दिलीत. ती माझी होती, आणि ती इतकी वर्षे त्यांनी सांभाळली. त्यांच्या त्या आठवणीत तुम्ही त्यांना एकेरी हाक मारता. त्यांनी ती हसत सांगितली, एखादे बक्षीस सांगावे तशी.

तुम्ही आता नाही, त्यामुळे हे पत्र कुठे जाणार नाही. त्यांनाही दाखवणार नाही. ते म्हणतील, जाऊ दे ना, आणि मला जाऊ द्यायचे नाही. फक्त कागदावर एक कबुली तिच्या खऱ्या मालकाच्या नावावर चढवते. ब्रेक ओढला तर कठडा उभा राहावा, एवढेच मी सांगितले. ब्रेक सुटला तर वरच्या माणसाचे काय, हे माझ्या मनात आले नाही. वडशाच्या त्या माणसाचा खांदा माझ्या अपुऱ्या विचाराने मोडला. ही चूक तुमच्या जावयांची नव्हती. ती माझी आहे, आणि तिच्यासाठी तुम्ही मला बोलायला हवे होते.

— तुमची थोरली मुलगी