सर्टिफिकेट भिंतीवर आहे

४ ऑगस्ट, सोमवार. दुपारी दोन.

उज्वला सकाळी सूसला भावाकडे गेली. शनिवारी राखी आहे. पाच दिवस आधी गेली, ठीक आहे, एकच भाऊ आहे तिला. बॅग मोठी नेली. बायकांच्या बॅगा मोठ्याच असतात.

काल जरा वाजलं आमचं. वाजलं म्हणजे काय, मी गमतीनं बोललो. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती आणि ही मला त्यांच्यादेखत शिकवायला लागली की अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. मी म्हणालो, तू घरी बसलीस तरी चालेल, तुझं सर्टिफिकेट भिंतीवर लटकलंय तेवढं बास आहे. लोक हसले. तीही हसली असं मला वाटलं होतं.

सर्टिफिकेट इथंच आहे, फ्रेमसकट. फार्मसी शिकलेली बाई सर्टिफिकेट सोडून कायमची जात नसते. विषय संपला.

संकल्प: ती येईपर्यंत दुकान असं चालवायचं की तिनं बघत राहावं.

५ ऑगस्ट, मंगळवार.

कॉल केले: चार. उचलले: शून्य. नेटवर्क. सूसला एवढे टॉवर उभे राहिलेत, सगळे फ्लॅटचेच दिसतायत.

गिऱ्हाइकं येतात आणि माझ्या खांद्यावरून मागं बघतात. मॅडम कुठायत? राखी, मी सांगतो. निम्मी म्हणतात, मग नंतर येतो. पंधरा वर्षं घोटावडे फाट्यावर लोक मला डॉक्टर म्हणतात. मी बी.कॉम. आहे, तरी म्हणतात. यातच सगळं आलं.

७ ऑगस्ट, गुरुवार.

तानूबाई आली. टेकडीखालच्या वस्तीवरची म्हातारी, शेरडं रस्त्यात सोडून काउंटरला टेकली. म्हणाली, माझी पिवळी दे, म्हैन्याची. विचारलं, कसली पिवळी? म्हणाली, नेहमीची, उज्वलाला म्हाईत हाय.

आता आमच्याकडं पिवळ्या गोळ्या काय कमी आहेत का. मी म्हातारीचं निरीक्षण केलं. अशक्तपणा, दुसरं काही नाही. बी-कॉम्प्लेक्सची पिवळी दिली. खूश होऊन गेली.

उज्वला अशा वेळी वही काढणार, नाव शोधणार, आधीची स्ट्रिप मागणार, दंडाला पट्टा लावून बीपी बघणार. दहा मिनिटं. मी एका मिनिटात. अनुभव अनुभव म्हणतात तो हाच.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी.

आज तिला घेऊन यायचं ठरवलं होतं. दिग्विजयला फोन केला, म्हणजे मेव्हण्याला. तो म्हणाला, दाजी, येऊ नका, ताईनं सांगितलंय. मी विचारलं, पाऊस आहे म्हणून का? तो म्हणाला, हो, तसंच समजा.

पाऊस आहेच. ताम्हिणीला तर धो धो. सूस उलट्या दिशेला आहे, पण पाऊस तो पाऊस.

तिच्यासाठी जिलेबी आणली होती. शेजारच्या इलेक्ट्रिकवाल्या चाँदभाईला दिली. त्यानं विचारलं, भाभी कधी येणार? गोकुळाष्टमीला, मी म्हणालो. कुठून तोंडात आलं देव जाणे. पण तारीख ठरली हे एक बरं झालं.

१६ ऑगस्ट, शनिवार.

गोकुळाष्टमी झाली. आता गौरीला. गौरी बसवायला सून सासरी लागतेच. ३१ तारीख लिहून ठेवतो.

तिची उशी हवेला टाकली होती. वास जाईल म्हणून लगेच आत घेतली.

कॉल, आजवर: सतरा.

१९ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी अकरा.

अक्षर वाकडं येतंय. चहा जास्त झाला.

तानूबाईचा मुलगा पिराजी आला. रिकामी स्ट्रिप काउंटरवर आपटली. म्हणाला, आय काल शेरडांमागं चक्कर येऊन पडली, मनगाट मोडलं. डॉक्टर म्हणतोय बीपीची गोळीच पोटात न्हाई. हे काय दिलंस तिला? मी म्हणालो, व्हिटॅमिन आहे, उलट ताकदीचं. तो म्हणाला, लई शाना हायेस तू. आणि माझ्यासमोर उज्वलाला फोन लावला.

तिनं एका रिंगमध्ये उचलला.

फोन स्पीकरवर होता. म्हातारी कुठली गोळी किती वर्षं घेते, सगळं तिला पाठ. पिराजीदादा, घाबरू नका, आधी आताचं बीपी किती आहे ते सांगा, म्हणाली. पंधरा दिवसांनी आवाज ऐकला मी तिचा. काउंटरला धरून उभा राहिलो. मग पिराजी म्हणाला, मी तुमच्याच दुकानात हाय.  ती म्हणाली, गोळ्या दुसरीकडून घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून.

माझं नाव तिनं घेतलं नाही. एक शब्द बोलली नाही माझ्याविरुद्ध. नवऱ्याला सांभाळून घेणं म्हणतात ते हेच.

म्हातारी बरी आहे. मनगट फक्त. त्याहून जास्त काही झालं असतं तर, हे मी लिहिणार नाही. शटर अर्धं खाली आहे. लाइट गेलीय म्हणून सांगतोय.

२५ ऑगस्ट, सोमवार.

औषध निरीक्षक मॅडम आल्या. रूटीन असणार. विचारलं, फार्मासिस्ट कुठं आहेत? मी म्हणालो, गौरीला येतील. त्या हसल्या नाहीत. मी भिंतीकडं बोट दाखवलं. त्यांनी बॅगेतून कागद काढून माझ्यापुढं धरला. उज्वलाचा राजीनामा. तारीख ४ ऑगस्ट. म्हणजे गेली त्याच दिवशी. आणि २० तारखेपासून सूसच्या एका दुकानावर तिचं नाव आहे. एका फार्मासिस्टचं नाव एकाच दुकानावर लागतं, हे मलाही माहीत आहे.

मॅडम म्हणाल्या, सर्टिफिकेट इथं राहिलं असेल, माणूस नाही. माणसाशिवाय एक गोळी विकायची नाही. मी म्हणालो, मॅडम, ती फार्मासिस्ट नाही, माझी मिसेस आहे. असं का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. चाँदभाईनं पाणी आणून दिलं.

विक्री बंदची नोटीस लागली. तिच्यावर 'नूतनीकरणासाठी बंद' असा बोर्ड लावायचा विचार आहे.

३१ ऑगस्ट, रविवार.

गौरी आल्या. उज्वला नाही. संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवलं होतं. मांजरं आत यायला लागली, मग लावलं.

२ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी सात.

सूसला जाऊन आलो. ठामपणे बोलायचं ठरवलं होतं. मुद्दे लिहून नेले होते, सहा. सॉरी शेवटचा होता, वेळ उरला तर.

मोठ्या सोसायटीखालचं दुकान. काचेचं दार, आत एसी. उज्वला पांढऱ्या कोटात काउंटरमागं उभी. आमच्याकडं कोट नव्हता. ती दोनदा म्हणाली होती, मी म्हणालो होतो, खेड्यात कशाला नाटकं.

लाइनीत उभा राहिलो. नंबर आला आणि एकही मुद्दा आठवेना. तोंडातून निघालं, डोकं दुखतंय.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग विचारलं, काही खाल्लंय का?

मला भरून आलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि तिनं नेमकं तेच विचारलं. काळजी आहे तिला, मी मनात म्हणालो, एक महिना झाला तरी आहे. पण तिच्यासमोर कसं सांगू की घरात चूल पेटत नाही. खाल्लंय, म्हणालो. तिनं दोन गोळ्या कापून पाकिटात घातल्या. मी दाराशी जाऊन थांबलो. हाक मारेल म्हणून.

माझ्या मागचा माणूस पुढं झाला. हेल्मेट हातात, तरुण, कंपनीतला असेल. गुडघ्यासाठी गोळी मागितली. तिनं विचारलं, काही खाल्लंय का?

त्याच आवाजात.

तो म्हणाला, नाही. तिनं आतून बिस्किटाचा पुडा काढून त्याच्यापुढं ठेवला. म्हणाली, आधी हे खा.

मी घरी आलो. ती येणार नाही.