विलायतेला निघालेले डिंकाचे लाडू

ता. ४ नोव्हेंबर १९७०, बुधवार

दिवाळीचे पाहुणे काल गेले. आजपासून घरात डिंक तळणं. सुमनचं पहिलं बाळंतपण. पहिलं माहेरी व्हायचं, पण ती विलायतेत, आणि आता दिवस भरत आलेल्या बाईला विमानात घेत नाहीत. म्हणून जावईबापूंनी आम्हा दोघांची तिकिटं पाठवली. पोर माहेरी येत नाही, तर माहेरानं उठून तिच्याकडं जायचं. उलटा कारभार. मला शेवगावपर्यंत एस.टी.त जातानासुद्धा मळमळतं.

ही म्हणते, "तुमी घाबरा. मी लाडू वळते."

ता. ६

यशवंताकडे जाऊन आलो. लष्करातून पेन्शनीवर आलाय, लढाईत मिसरपर्यंत गेलेला. गावात परदेश बघितलेला तोच एक.

म्हणाला, "आबा, उतरलं की कस्टमवाले समदं उघडून बघत्यात. खायाचं तर पयलं. इचारलं की खरं सांगायचं. खोटं सापडलं तर सामान जप्त, आन् तुमीबी."

"मीबी म्हंजी?"

"बसवत्यात एका खोलीत."

लाडू तिथं जप्त झाले तर पोरीच्या कंबरेला काय देणार? जावईबापू डॉक्टर आहेत खरे, पण डिंक काय दवाखान्यात मिळतो? जेवण गेलं नाही.

ता. ९

लाडू झाले. खारीक, खोबरं, गूळ, साजूक तूप. चवीला एक मागितला तर म्हणाली, "तुमी बाळंतीन हाय व्हय?"

पत्र्याच्या डब्यात भरले. मुंग्या लागतील, वारं लागेल, हाच घोर. चार वेळा बोलून दाखवलं. शेवटी वैतागून हिनं धान्याच्या कणगीचं तोंड लिंपतो तसं झाकणाच्या कडेनं लिंपून टाकलं. उन्हात वाळवलं. आता किडा शिरायची सोय नाही. वर फडकं शिवलं. तेवढी एक काळजी मिटली.

बाकी आहेतच. विलायतेला जायचं म्हणून देवी टोचलेला दंड अजून ठणकतोय.

ता. १२, मुंबई

विमानतळावर. तिकिटं धोतराच्या कनवटीला. दर घटकेला चाचपतो. डबा हातातच ठेवलाय, सामानात दिला नाही. ही समोर बसून चटणी-भाकरी खातेय, जशी आठवड्याच्या बाजाराला आलीय.

विमान पडलं तर

नको लिहायला.

ता. १३, लंडन. सुमनच्या घरी

पोचलो. आजचं आजच लिहितो.

विमान उतरायच्या आधी तिथल्या मोरीत जाऊन नवा फेटा बांधला. जागा एवढीशी, कोपरं भिंतींना आपटत होती. पण पोरीच्या दारात नीट जायला हवं. मी उघड्या डोक्यानं कसा दिसतो हे जावयांनी कधी पाहिलेलं नाही.

खाली कस्टम. लांबट टेबल, पलीकडे उंच गोरा साहेब. पीठ पाहिलं, मसाला हुंगला, शिंकला, हसला. मला जरा धीर आला. मग डब्यावरचं फडकं उसवलं. कडेचं लिंपण नखानं खरवडलं आणि काहीतरी विचारलं. मला ओ की ठो कळेना. तिथं झाडणारी एक पंजाबी बाई होती. सलवार-कुडत्यावर निळा डगला. साहेबानं तिला हाक मारली.

ती म्हणाली, "बाबूजी, साहब पूछता है, ये क्या लगाया है? मिट्टी?"

यशवंताचं बोलणं डोक्यात घुमत होतं. खरं सांगायचं. हिनं मागून चिमटा काढला, तरी मी छाती काढून म्हणालो, "मिट्टी और गोबर. हमारे घर की गाय का. एकदम ताजा था."

बाईनं कपाळाला हात लावला. तिनं सांगितलं तसा साहेब दोन पावलं मागं सरला. मग दुसरा आला, तिसरा आला. रबरी हातमोजे आले. जनावरांचा रोग पसरू नये म्हणून तिकडं शेणाची फार धास्ती आहे, असं बाईनं समजावलं. घरी जनावरं आहेत का? आहेत. किती? मी बैलांपासून शेरडांपर्यंत सगळी सांगितली. शेरडांची नावं सांगायला लागलो तर ही म्हणाली, "आवं, बास की!" त्यांनी माझ्या वहाणा काढून औषधाच्या पाण्यानं पुसल्या. जन्मात माझ्या वहाणा दुसऱ्या कुणी पुसल्या नव्हत्या. फार संकोच झाला.

डबा जाणार म्हणाले. जाळणार.

मी डब्यावर हात ठेवून उभा राहिलो. ही मात्र पुढं झाली. पंजाबी बाईचा हात धरला आणि मराठीतच, "पोरगी बाळंत व्हायचीय, बाय. कंबरेला बळ यायला हायती हे लाडू. शेन डब्याला हाय, लाडवाला न्हाई." पोटावर हात ठेवून दाखवलं. बाईला कळलं. म्हणाली, "जच्चा के लिए? अरे, हमारी पंजीरी!" आणि साहेबाला असं फाडफाड बोलली की मी बघतच राहिलो.

साहेबानं झाकण उघडलं. एक लाडू फोडला, आत बाहेर बघितला. मान हलवली. लाडू न्या, डबा इथंच. दुसऱ्या स्वच्छ कशात तरी घाला.

कशात? आमच्या सगळ्या पिशव्यांत पीठ, मसाला.

हिनं माझ्या डोक्याकडं बघितलं.

"अगं, जावयापुढं सुतक्यासारखा बोडका जाऊ का?"

"मग लाडू हितं ठिवू का?"

फेटा सोडला. पसरला. एकेक लाडू त्यात घातला. साहेबानंसुद्धा दोन उचलून दिले. गाठोडं झालं. बाई म्हणाली, "लड़का हो या लड़की, मुबारक हो." हिनं तिच्या हातावर लाडू ठेवला. मला नाही दिला तो तिला दिला.

बाहेर जावईबापू. त्यांनी माझं डोकं पाहिलं आणि नजर खाली घातली, भल्या घरचा माणूस. पण घरी सुमननं दार उघडलं ते किंचाळलीच, "आबा! कोन गेलं?"

मी म्हणालो, "कोन न्हाई गेलं. लाडू आलं."

सगळं ऐकून पोर एवढी हसली, एवढी हसली, की हीच दटावायला लागली, "अगं हळू, हितंच होशील!"

ता. १६

सुमन लाडवांभोवती घुटमळते. ही हात लावू देत नाही. "आदी मोकळी हो, मग खा."

आज जावईबापूंनी चाचरत सांगितलं, "मामा, दवाखान्यात बाळंतिणीला बाहेरचं खाणं देत नाहीत. सिस्टर फार कडक आहे. त्या दवाखान्यात माझं काही चालत नाही."

पुन्हा झोप गेली. सातासमुद्रापलीकडून आणले आणि शेवटच्या दारात अडकायचे. हिला सांगितलं. म्हणाली, "बघू." हिचं बघू म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

ता. १९, दवाखान्यात, बाकावर बसून

पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. काचेतून दाखवली. मुठी आवळून रडत होती. नाक सुमनचं. मला काही लिहायचं सुचत नाही. मुलगी झाली.

भेटायची वेळ दुपारची. एका वेळी एकच माणूस आत. ही गेली. पदराच्या टोकाला गाठ होती, चांगली मोठी. दारात सिस्टरनं थांबवलं, काहीतरी विचारलं. ही हसून "व्हय, व्हय" म्हणाली आणि आत.

मी आणि जावईबापू एकमेकांकडं बघत नाही.

घंटा झाली. सगळी माणसं बाहेर आली. ही नाही.

जावईबापू म्हणाले, "मामा, मामींना बोलवता का?"

म्हणालो, "सासू तुमची हाय."

दोघंही उठलो नाही. आतून हसण्याचा आवाज येतोय, सुमनचाच. तोंडात काहीतरी असल्यासारखा. सिस्टर आत्ताच घड्याळ बघून तिकडं निघाली आहे. दारापाशी पोचली.