बॉनेटवरचं स्वस्तिक

गंगापूर रोड, नाशिक

आदरणीय साडूभाऊ रविराजराव यांस,

झुंबरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहितोय खरा, पण पॉलिश घासून घासून कंबर धरली आहे, तेव्हा तो उभ्याउभ्याच पोचला असं समजावं.) योगिनीताईंचा खोकला थांबला का? तुम्ही गुडघ्याला तेल चोळता ना, की घरातलं सगळं चोळणं गाडीच्याच वाट्याला? आमचं इकडे झकास चाललंय. त्याचं निम्मं श्रेय तुम्ही दिवाळीला पाठवलेल्या त्या गाडी चमकवायच्या खोक्याला, आणि मधल्या काळात माझा जो जीव गेला त्याचं पापही त्यालाच. फोनवरच सांगणार होतो, पण फोन लागला की आई शेजारी येऊन बसतात, आणि ही हकीकत त्यांच्यासमोर सांगण्यासारखी नाही.

आपले सासरे गेल्यापासून सासूबाई, म्हणजे आई, दिंडोरीच्या मळ्यात एकट्याच राहत होत्या. तुमच्या मेव्हणीने, म्हणजे आमच्या दीपमालाने, त्यांना इकडे राहायला आणण्यासाठी काय कमी मनधरणी केली? पण आई बधायला तयार नव्हत्या. यंदा दसऱ्याला आमची नवी निळी गाडी पूजेला मळ्यात नेली आणि काय वाटलं कोण जाणे, आईंनी तेलात कुंकू कालवून बॉनेटवर स्वस्तिक काढलं. डावं टोक जरा लांब गेलेलं, पण ठसठशीत. मग म्हणाल्या, तुळशीचं लगीन लागलं की येते तुमच्याकडं, पण ह्याच गाडीतनं, आन् ह्ये माझ्या हातचं जाग्यावर असंल तरच. परतताना दीपमाला चक्क गुणगुणत होती. (लग्नाला इतकी वर्षं झाली, हे नवीनच होतं. मी आरशात बघून खात्री करून घेतली.) तेव्हापासून मी गाडी स्वस्तिकाच्या कडेकडेने धूत होतो.

आणि तेवढ्यात तुमचं खोकं आलं. आईंना आणायचं तर गाडी कशी लखलखीत हवी, म्हणून मी व्हिडिओ बघून सगळी विद्या शिकलो. एक बादली साबणाची, एक नुसत्या पाण्याची. (दुसरी फरशी पुसायची निघाली, त्यावरून वेगळं महाभारत झालं.) खोक्यातले ते पुसायचे मऊ मऊ कपडे दीपमालाने आधीच चपात्यांच्या डब्यात घातले होते, ते सोडवून आणले. रंगात रुतलेली धूळ काढायची ती चिकट वडीही फिरवली, अंबडच्या कारखान्यांची सगळी काजळी तिला चिकटून आली असावी. इथवर मी राजा होतो. मग स्वस्तिकाच्या अगदी जवळ खोक्यातला तो डाग काढायचा फवारा मारला, आणि कुंकवातलं तेल जे सुटलं ते ओघळत थेट नंबरप्लेटपर्यंत. पुसायला गेलो तर अख्खं बॉनेट गुलाबी. दीपमाला चहा घेऊन बाहेर आली, बघितलं, आणि चहा घेऊन परत आत गेली. अहो, ओरडली असती तर परवडलं असतं.

गेलंच आहे तर नीट तरी करू, म्हणून सगळं साफ करून तुमच्या बाटलीतलं कोटिंग दिलं. काय सांगू, गाडी अशी झाली की त्यात बघून दाढी करावी! मग दुसऱ्या दिवशी तेलात कुंकू कालवून मीच स्वस्तिक काढायला बसलो. बोट उचललं की कुंकवाचे थेंब गोळा होऊन खाली घरंगळायचे. तूप घेतलं, तेच. बाटलीवर लिहिलंय की यावर काही म्हणता काही टिकणार नाही. कंपनीने एवढ्या एका बाबतीत तरी थोडं खोटं बोलायला काय हरकत होती?

शेवटी पंचवटीतून लाल स्टिकर आणून चिकटवला आणि तुळशीचं लग्न झाल्यावर देवाचं नाव घेऊन आम्ही दोघं मळ्यात गेलो. आई पिशवी घेऊन तयारच होत्या. गाडीजवळ आल्या, वाकल्या, आणि पिशवी खाली ठेवली. ह्ये माझं नाय, म्हणाल्या. आन् ओट्यावर जाऊन बसल्या. दीपमालाचे डोळे भरून आले. ते बघून माझं अवसान गळालं आणि मी फवाऱ्यापासून स्टिकरपर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं. आईंनी ऐकून घेतलं. मग उठल्या, नखाने स्टिकर सोलला आणि कुंकू कालवून आणलं. घरंगळलं. पुन्हा लावलं, पुन्हा घरंगळलं. तेव्हा आत गेल्या आणि नारळाची शेंडी न् चुलीतली राख घेऊन आल्या. रविराजराव, त्या बॉनेट घासायला लागल्या! तवा घासतात तसं! मी तोंड उघडणार तोच दीपमालाने माझा हात असा दाबला की बोटं अजून दुखतात. चांगली भाकरीएवढी जागा खरवडून झाल्यावर आईंनी तिथे स्वस्तिक काढलं, आणि ते टिकलं. डावं टोक लांब. मग पुढच्या सीटवर बसून मलाच म्हणाल्या, चला जावईबापू, उशीर व्हतोय.

आता रोज सकाळी गाडीवर पाणी मारलं की ते सगळीकडून मोत्यांसारखं पळतं, फक्त त्या भाकरीएवढ्या जागेत थबकतं. पहिले काही दिवस तिकडे बघवत नव्हतं, आता आधी तिकडेच बघतो. घरात आईंच्या हातचा ठेचा असतो, दीपमाला गुणगुणते, आणि मला जेवताना आग्रह होतो. थोरांना नमस्कार सांगा, धाकट्यांच्या पाठीवरून हात फिरवा.

तुमचा,
झुंबर

ता.क. कोटिंगची आणखी एक बाटली पाठवता आली तर बघा. भाकरीची जागा सोडून मारीन.

ता.क. २. बाटली राहू द्या. तुमच्या नव्या काळ्या गाडीवर स्वस्तिक नाही, हे माझ्या तोंडून आईंसमोर निघून गेलं. त्या येत्या रविवारी तुमच्याकडे निघाल्या आहेत. राख तिकडे मिळणार नाही म्हणून डब्यात भरून घेतली आहे, शेंडी पिशवीत वर आहे.

ता.क. ३. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. गाडीचं काय व्हायचं ते होऊ द्या, पण योगिनीताईंना सांगा, आईंना जास्त दिवस ठेवून घ्यायचा आग्रह करू नका. त्याच्या पुढच्याच रविवारी मी त्यांना न्यायला येतोय. आईंनी विचारलं तर सांगा, स्वस्तिक जाग्यावर आहे.