बंबवाल्याची रोपं

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली हे वाचून बरं वाटलं. सोबतीला मी यावं असं तू लिहिलंस, पण अडचण अशी की मला सध्या घरातून हलता येत नाही. हसू नकोस. स्वयंपाकघराच्या खिडकीत प्लास्टिकच्या कपांत टोमॅटो, मिरची आणि वांग्याची रोपं केली आहेत. इकडे डोंगरावर बाहेर अजून थंडी आहे, म्हणून ती घरातच वाढवायची आणि ऊब आली की गच्चीवरच्या कुंड्यांत हलवायची. ही असताना दर वर्षी तीच सगळं करायची, मी फक्त टोमॅटो खायला हजर असायचो. यंदा म्हटलं, आपण करून पाहू.

पहिली खेप मी मारली. बी रुजलं, दोन-दोन पानं आली आणि मी आनंदाच्या भरात सकाळ-संध्याकाळ पाणी घालत सुटलो. सगळी नोकरी अग्निशमन दलात काढलेल्या माणसाचा हात, तो सैलच सुटणार. एका सकाळी पाहतो तर सगळी रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडलेली. मला वाटलं तहानली आहेत, म्हणून आणखी घातलं. शेवटी एक कप उचलून रोपवाटिकेवाल्याकडे गेलो. त्याने तो जरा तिरका केला, तर पाणी त्याच्या चपलेवर सांडलं. त्याने मला विचारलं की घरात काही पेटलं होतं का.

आता दुसरी खेप उगवली आहे आणि तिच्यापाशी मी डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो. अशा नाजूक वेळी त्यांना कुणाच्या भरवशावर टाकून येऊ? शेजारचे शिक्षक भले आहेत, पण ते रोज चहा उतू घालवतात. तेव्हा या खेपेला तू काचवाल्या बाईंना घेऊन जा. त्या तुझ्या दाराला दार लावून राहतात, त्यांना सोयीचंही पडेल.

लोभ असावा, आणि मी पाणी घालतो तसा सढळ हाताने असावा.

तुझा,
बंब्या

९ मार्च

चि. बंब्यास,
अ. उ. आ.

हसू नकोस म्हणालास, म्हणून तुझं पत्र काचवाल्या बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं आणि दोघी मिळून हसलो.

रोपांचं म्हणशील तर दोष तुझा नाही, तुला नळ बंद करायचं शिक्षणच मिळालेलं नाही. वरून पाणी घालूच नकोस. कपांना खालून भोकं पाड, ते थाळीत ठेव आणि थाळीत थोडं पाणी ओत. माती खालून पिते. उरलेलं फेकून दे. पुन्हा कधी घालायचं ते कप उचलून ठरवायचं, हलका लागला तरच. कप रोज फिरव, नाहीतर सगळी उजेडाकडे मान वाकडी करून बसतील. आणि घराबाहेर जायचं असेल तर त्यालाही उपाय आहे. जाड सुती दोरी भिजव, एक टोक पाण्याच्या भांड्यात सोड, दुसरं कपातल्या मातीत खोच. लागेल तेवढंच पाणी दोरी पोचवते. माझ्या शिवणाच्या टेबलावरची मिरची मी अशीच जगवली आहे.

आता माझं. डावा डोळा लहानपणापासून नावालाच आहे हे तुला ठाऊक आहे. ज्याच्या जिवावर मी आजवर लोकांचे कपडे शिवले तो उजवा, आणि ऑपरेशन त्याचंच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, साधं काम आहे. त्यांना साधं वाटेल, त्यांच्याकडे दोन आहेत. गिऱ्हाइकांसमोर मी फार शूर असते, पण परवा एका कोटाची बाही उलटी जोडली. मला भीती वाटते आहे, बंब्या. काचवाल्या बाई आल्या तर मला त्यांच्याशी गप्पा माराव्या लागतील. तू आलास तर गप्प बसता येईल.

तू रोपांसाठी अडलेला नाहीस हे मला कळतं. फोनवर बोलले असते, पण तू हवामानाची चौकशी करून फोन ठेवतोस. तारीख बावीस आहे.

अक्षर वाकडं आलं असेल तर सांभाळून घे, माया सरळ आहे.

तुझी,
ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या दोरीने माझी अब्रू घेतली. तुला खोटं पाडायचं म्हणून मी अर्धे कप दोरीवर लावले आणि अर्धे माझ्या हाताखाली ठेवले. माझे कप रोज उचलून पाहिले, फिरवले, त्यांच्याशी दोन शब्द बोललोसुद्धा. दोरीवरच्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. आज दोरीवरची रोपं जाड देठाची, गडद हिरवी उभी आहेत आणि माझी दुखण्यातून उठल्यासारखी दिसतात. शिक्षकांना निकाल विचारला, तर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. म्हणजे या घरात माझ्यावाचून कुणाचं अडत नाही, उलट मी हात लावला नाही की तब्येत सुधारते. एवढा अपमान खात्यात साहेबांनीही केला नव्हता.

बहाणा संपला, तेव्हा खरं लिहितो. हिच्या शेवटच्या दिवशी मला दवाखान्यात खालून औषध आणायला पाठवलं. वर आलो तर दार लावलेलं, आणि कुणी आत सोडेना. मी पेटलेल्या इमारतींची दारं फोडली आहेत, ताई, आणि त्या दारासमोर औषधाची पिशवी धरून नुसता उभा राहिलो. उघडलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून दवाखाना दिसला की मी रस्ता बदलतो. तुझं पत्र आलं आणि मी रोपांच्या आड लपलो. माझ्याएवढा आडदांड माणूस दोन पानांच्या रोपामागे लपतो, यावरून त्याची अक्कल किती ते ओळख.

एकवीसला संध्याकाळच्या गाडीने येतो. उरलेले कपही दोरीवर लावले आहेत, भांडं भरायचं काम शिक्षकांकडे दिलं आहे. एकच मागणं, तिथे मला कशालाही खाली पाठवू नका.

भित्र्या भावावरही लोभ असावा.

तुझा,
बंब्या

११ एप्रिल

चि. बंब्यास,
अ. उ. आ.

तू सुखरूप पोचलास आणि रोपंही जगली हे कळलं. टोमॅटोची रोपं फार लांबट झालीत असं लिहितोस, तर कुंडीत लावताना देठ जरा खोल पूर, तो मातीतही मुळं धरतो. एवढी शिकवणी पुरे.

डोळा छान आहे. काचवाल्या बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझी नक्कल करून दाखवतात. तू माझ्या डोळ्यात औषध घालायला बसलास तेव्हा पहिला थेंब कपाळावर पडला, दुसरा कानात आणि तिसरा उशीत, आणि चौथ्याच्या आधीच तू माझी माफी मागत होतास.

तू इथे होतास तेव्हा एक गोष्ट सांगायची राहिली. तोंडावर सांगितली असती तर तू काहीतरी निमित्त काढून उठला असतास. ऑपरेशनआधी मला आतल्या खोलीत स्टुलावर बसवलं आणि चांगल्या डोळ्यात औषध घातलं. सगळं धूसर झालं. भिंत कुठली, माणूस कुठला, काही उमगेना आणि मला रडू यायला लागलं. मी उठून निघूनच जाणार होते. तेवढ्यात दाराखालच्या फटीत दोन काळे ठोकळे दिसले. ते तुझे बूट होते. नर्स नंतर सांगत होती की तिने तुला पुन्हा पुन्हा बसायला सांगितलं, चहा घेऊन या म्हणाली, आणि तू दर वेळी तिला ड्यूटीवर असल्याचं सांगितलंस. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मी नुसती त्या बुटांकडे बघत बसले. आता हलतील, मग हलतील, असं वाटत होतं. मला न्यायला आले तोवर ते हलले नाहीत.

लोभ असावा असं या वेळी लिहीत नाही. तो मी दाराखालून पाहिला आहे.

तुझी,
ताई