घरातली दहा खनिजं

४ डिसेंबर

कठिणतेचा क्रम काही केल्या डोक्यात राहत नाही! टाल्क, जिप्सम, कॅल्साइट – पुढे गाडी अडलीच. आज प्रयोगशाळेत सरांनी एकेक दगड हातात दिला. नखाने ओरखडा काढा, काचेवर घासा. एक तर चक्क चाटून बघा म्हणाले. मीठ निघालं! मग सगळेच दगड चाटत सुटले. मीही. तोंडात अजून कचकचतंय.

गृहपाठ – घरातल्या दहा वस्तू शोधा, त्यांतली खनिजं लिहा.

५ डिसेंबर

नऊ झाल्या. अंगाची पावडर – टाल्क. पेन्सिल – ग्रॅफाइट. खिडकीची काच – क्वार्ट्झ. असंच काहीबाही.

दहावी बाबांनी सुचवली. छताकडे बोट करून म्हणाले, “हे लिही की! तुझ्या बापाने एकतीस वर्षं हेच केलं.” पत्रा! सिमेंटमध्ये पांढरा कापूस मिसळतात, आणि तो दगडातून निघतो म्हणे. बाबा कारखान्याच्या त्याच कापूस खात्यात आहेत. गोण्या फोडून यंत्रात ओतायच्या. दगडाचा कापूस! मला वाटलं, फिरकी घेतायत. बाबा भलतेच खूश होते. इतका वेळ त्यांनी कामाबद्दल कधी सांगितलं नव्हतं. मग खोकल्याची उबळ आली आणि विषय राहिला.

७ डिसेंबर

तो कापूस आज पाहिला. अ‍ॅस्बेस्टॉस. बंद काचेच्या डबीत, रेशमासारखा. “हा मात्र चाटायचा नाही,” सर म्हणाले. सगळे हसले.

उपयोग – छपराचे पत्रे, गाडीचे ब्रेक, आग विझवणाऱ्यांचे कपडे. तोटा – धागे श्वासातून छातीत जातात, तिथेच रुततात. वीस-तीस वर्षं काही कळत नाही. “परीक्षेला नाही, पण लिहून घ्या.” मी नाही लिहिलं.

८ डिसेंबर

बाबांना सांगितलं – छातीचा फोटो काढून घ्या.

“चार दगड चाटलेस आणि मला शिकवतेस होय? आमच्या खात्यात एकाला तरी काही झालंय?”

“आणि टकलू भावोजी?” आई म्हणाली.

बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. टकलू म्हणजे त्यांच्या पाळीतला जोडीदार. गेल्या वर्षी गेला. दम्याने, असं सगळे म्हणाले होते.

१० डिसेंबर

बाबा कामावरून आले, भुवया कापसाच्या धुळीने पांढऱ्या. आधीही असायच्या, मला दिसल्या आज! आईने नेहमीसारखा त्यांचा गणवेश मागच्या दारी नेला, भिंतीवर आपटून आपटून झटकला, मग भिजवला. तसाच भिजवला तर मोरी तुंबते. मी पायरीवर बसून बाबांचा खोकला मोजत होते. अकरा वेळा.

मला भीती वाटते. सरळच लिहिते – बाबा मरतील अशी भीती वाटते.

११ डिसेंबर

नाहीच म्हणतात. फोटोत डाग दिसला तर खात्यातून काढतील, आणि निवृत्तीला आठच महिने उरलेत. हट्टी माणूस!

१४ डिसेंबर

आईने जमवलं! दवाखान्याच्या दारापर्यंत आले आणि बाबा अडून बसले. आई म्हणाली, “आधी मी काढते. मेले नाही, तर तुम्ही काढा.” रांगेतली माणसंसुद्धा हसली. मग काय, गेले मुकाट्याने. आई बाहेर आली ती पदर सारखा करत – “काही कळतसुद्धा नाही हो, नुसती पाटी गार लागते.”

रिपोर्ट सोमवारी.

१५ डिसेंबर

गृहपाठाला दहापैकी नऊ. दहावी वस्तू सरांना सगळ्यांत आवडली.

१७ डिसेंबर

बाबांची छाती साफ! खोकला सिगारेटचा, ती सोडा म्हणाले डॉक्टर. मी हसता हसता रडले.

मग डॉक्टरांनी दुसरा, आईचा फोटो उजेडात धरला. चष्मा पुसून पुन्हा धरला. आईला बसायला सांगितलं.

“बाई, कारखान्यात तुम्ही कुठल्या खात्यात होता?”

“मी?” आई म्हणाली. “मी घरीच असते.”