पोत्याचा आवाज

सर, तुमचा चेहरा आता थोडा पुसट झाला आहे. पाठ मात्र लख्ख आठवते. मैदानाच्या कडेला लिंबाखाली लोखंडी खुर्ची टाकून तुम्ही बसता, आमच्याकडे पाठ करून, बशीतला चहा फुंकत. मागे आम्ही रांगेनं सरकीच्या पोत्यावर बॅट मारतो आहोत. खामगावात सरकीला काय तोटा. कापसाच्या जिनिंगमधून एक भरलेलं पोतं तुम्ही आणवलंत, फांदीला टांगलंत आणि बेसबॉलचा अख्खा अभ्यासक्रम त्यात कोंबलात. नुसत्या हातांनी मारलं की ‘थप’ असा पोकळ आवाज यायचा. कंबर आधी फिरली आणि हात तिच्या मागून आले, तर पोतं आतून ‘धुम्म’ म्हणायचं. तुम्ही मान न वळवता निकाल द्यायचात, “हातानं मारला. दुसरा ये बे.” एकदा मी धीर करून विचारलं, “सर, तुम्ही पाहत काऊन नाही?” तर म्हणालात, “पाह्यलं का मले तुमचे तोंडं दिसतात. तोंडानं बॉल जात नाही.”

जोर कुठून येतो हे सांगायला तुमच्याकडे एकच वाक्य होतं, “मागच्या पायानं बिडी विझव.” बाकीच्या पोट्ट्यांना ते लगेच जमलं, त्यावरून त्यांच्या घरच्यांनी काय तो बोध घ्यायला हवा होता. माझ्या घरी पहाटे स्तोत्रं आणि संध्याकाळी रूपावली. बिडीचं प्रकरण आमच्या पाठ्यक्रमात नव्हतं. तरी मी वर्षभर टाच फिरवत राहिलो. मग एका दुपारी तुम्ही खुर्चीवरूनच म्हणालात, “तू डोळे मिटतो बे.”

“नाही सर.”

“मी आवाज आयकला.”

“डोळे मिटल्याचा आवाज येते का सर?”

“तुह्या येते.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सामन्यांच्या गुणांची वही दिलीत, दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली. “अक्षर चांगलं आहे तुहं. तू लिही.” ही बढती नव्हती हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर मी ती वही बॅटपेक्षा जास्त मिरवली.

आता मी त्याच शाळेत संस्कृत शिकवतो. तुमची क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी झाली ती भरलीच गेली नाही, आणि मुख्याध्यापिकाबाईंना ऑफिसातल्या भिंतीवर तुमच्या वेळच्या संघाचा जुना फोटो दिसला. “तुम्ही संघात होता की,” त्या म्हणाल्या. फोटोत माझ्या हातात बॅट नाही, वही आहे, हे त्यांनी बारकाईनं पाहिलं नाही. मीही बोट ठेवून दाखवलं नाही. अशा रीतीनं, सर, ज्यानं सामन्यात एकही चेंडू मारलेला नाही तो माणूस मुलींना चेंडू मारायला शिकवू लागला.

त्यात एक मुलगी आहे, बारावीची. उंद्रीकडून रोज एसटीनं येते. तिची मारायची तऱ्हा पाहिली असतीत तर, म्हणजे ऐकली असतीत तर, तुम्ही बशी खाली ठेवली असतीत. पुढचा पाय गुडघ्यापर्यंत उचलायची, हात पार कमरेखाली न्यायची, आणि मग सगळी एकदम फिरायची. पुस्तकात बसणारं त्यात काहीच नव्हतं. जिल्ह्याच्या सामन्यात तिनं दोनदा चेंडू कंपाउंडबाहेर घालवला. तिला राज्याचं प्रमाणपत्र हवं होतं. पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा असतात, आणि शालेय स्पर्धेचं तिचं हे शेवटचं वर्ष. पुढची निवड अमरावतीला होती. मला वाटलं, तिथं वेगानं टाकणाऱ्या मुली असतील, एवढा पाय उचलायला हिला वेळ कुठून मिळणार. मी मोबाइलवर आठवडाभर व्हिडिओ पाहिले आणि फळ्यावर लिहून दिलं: पाऊल, गुडघा, कंबर, खांदा, मनगट. जन्मभर श्लोकांचा पदच्छेद केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. तिनं ते वहीत उतरवलं, पाठ केलं, आणि तीन आठवड्यांत तिचा फटका इतका देखणा झाला की फोटो काढावा. चेंडू मात्र समोरून टाकणाऱ्या पिचरच्या पायाशी जाऊन बसू लागला.

मी म्हणालो, “सगळं विसर. आधी मारायचीस तसं मार.” सर, माझे विद्यार्थी शिकवलेलं सोमवारचं मंगळवारी विसरतात. विसरता न येणारी ही एकच निघाली. बॅट उचलली की तिचे ओठ हलायचे. पाऊल, गुडघा, कंबर. मग मी पण सरकीचं पोतं आणलं, त्याच लिंबाला टांगलं, खुर्ची टाकली आणि पाठ करून बसलो. बशीतून चहासुद्धा घेतला. मागे ती मारत राहिली, आणि मला सगळे आवाज सारखेच येत राहिले.

पालकांची सही घ्यायला तिच्या घरी गेलो, तर अंगणात आई घरापुरता मूग झोडत होती. दोन्ही हातांत काठी. पुढचा पाय उचलते आहे, हात कमरेखाली नेते आहे, आणि सगळी एकदम फिरते आहे. मी फाटकातच उभा राहिलो. कुणाची दुरुस्ती करायला मी निघालो होतो ते तेव्हा कळलं. काठी ठेवून, पदराला हात पुसत ती माउली म्हणाली, “बसा ना सर. पोरगी म्हणते, आता मले मारताच येत नाही. काऊन हो असं झालं?” मी म्हणालो, “होईल सवय हळूहळू.” तिनं चहा दिला. तो संपवणं अवघड गेलं.

परवा रविवारी अमरावतीला गेलो. प्रत्येकीला तीन चेंडू. पहिला बॅटच्या कडेला लागून मागे गेला. दुसऱ्याला पाऊल, गुडघा, कंबर सगळं आपापल्या जागी होतं, फक्त बॅट चेंडूच्या जागी नव्हती. तिसऱ्याला हवेत बॅटचा ‘सूं’ असा आवाज झाला, आणि पाठोपाठ कॅचरच्या ग्लोव्हमध्ये ‘टप’. निवडीच्या यादीत तिचं नाव आलं नाही.

येताना अकोल्यापर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, “सर, एक सांगा. शेवटच्याले मी माह्यावालं मारलं का तुमच्यावालं? मले सोताले काहीच समजलं नाही. तुम्ही तं पाह्यलं.”

“पाहिलं,” मी म्हणालो.

“मंग कोणतं होतं?”

तिचं तिला परत मिळालं असं वाटावं, एवढाच माझा हेतू होता, सर. “तुझंच होतं,” मी म्हणालो.

बाळापूर गेलं. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, “म्हणजे माह्यावालंच कमी पडलं. बरं झालं समजलं ते. नाहीतं उगाच तुमच्यावर राग धरला असता मी.” आणि डब्यातली उरलेली अर्धी पोळी तिनं माझ्यापुढे केली. मी ती खाल्ली.

आज सकाळी ती बॅट परत द्यायला आली. म्हणाली, एखाद्या लहान पोरीले द्या. कॉलेजात गेल्यावर लागेल, असं मी म्हणालो. ती हसली फक्त. पुढच्या संस्कृतच्या तासाला ती माझ्यासमोर पहिल्या बाकावर असेल. हा कागद मी तुमच्या त्या जुन्या वहीत ठेवतो आहे. रविवारचं तिचं पान मी नेहमीसारखं भरलं आहे, सुवाच्य अक्षरात. फक्त तिसऱ्या चेंडूचा रकाना कोरा आहे. त्या वेळी माझे डोळे मिटलेले होते, सर. तुम्हाला ऐकू आलं असतं.